सोयाबडीचा रस्सा

फ्रीगंजला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

"प्रतिभाताई, अश्लेषाला बघायला आलेले लोक पक्के शाकाहारी ना?"

"म्हणूनच हौसेनं सोयाबडीचा रस्सा केला, आपल्या मटणाच्या मसाल्यात. आमचे हे पहिल्याच घासाला म्हणाले, वा, अगदी मटण!"

"अरे देवा!"

"मुलाच्या आईनं ताटच सरकवलं. मी डस्टबिनमधून पाकीट काढून दाखवलं, तरी पटेना. म्हटलं, पोरीचं लग्न माझ्या रश्शात बुडालं."

"मग?"

"मुलाचे वडील म्हणाले, 'अगं, जेव निवांत. मटण इतकं चिवट नसतं.'"

"त्यांना कसं ठाऊक?"

"तेच त्यांच्या बायकोनं विचारलं."

"आणि लग्न?"

"ठरलं ना! माझ्या हाताला चव नाही, हे दोन्ही घरांना मान्य आहे. फक्त विहीणबाई अजून व्याह्यांशी बोलत नाहीयेत."