सियाच्या गाण्याला आलेल्या श्रद्धांजल्या

आणि वर मलाच म्हणतात, रत्नाकाकू, सगळं तुमच्यामुळे झालं! आता तुम्हीच सांगा, शेजारच्या पोरीचं गाणं चार माणसांनी ऐकावं म्हणून जीव टाकला, यात माझं काय चुकलं? आमच्या टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तीनशेच्या वर माणसं आहेत, सगळ्यांनी हात जोडले, फुलं वाहिली, दिवे लावले... पण गाणं ऐकलं कोणी?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही अर्धवट ऐकून माझ्यावरच याल.

आमच्या घराला लागून मोरेश्वरभाऊजींचं घर. मध्ये लाकडी कुंपण, त्यातली एक फळी निसटलेली आहे, ती मी मुद्दाम ठोकून घेतलेली नाही. म्हणजे कढीपत्ता द्यायला-घ्यायला बरं पडतं हो, दुसरं काय! भाऊजी हायवेच्या पुलांचे इंजिनियर, बोलणं मोजून-मापून. बायको दीपा, ती मात्र गोड. आणि एकुलती एक लेक सिया, इथेच टेक्सासात जन्मलेली, इन्शुरन्सच्या ऑफिसात चांगली चिकटली होती, ती गेल्या वर्षी एक दिवस नोकरी सोडून आली आणि म्हणाली, मी गाणार. मी म्हटलं, छान की, भावगीतं? नाट्यगीतं? तर म्हणे, कंट्री. अमेरिकाना. मी म्हटलं, अगं अमेरिकेत राहून अमेरिकानाच गाणार ना, पण म्हणजे काय? तर ते असतं तुम्हाला सांगते, एक गिटार, एक रडवं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच हो, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि गाण्यात कोणाचा तरी ट्रक गेलेला, कोणाची बायको गेलेली, कोणाचा कुत्रा गेलेला. आणि ती इंडिपेंडंट आर्टिस्ट. म्हणजे पाठीशी कंपनी-बिंपनी कोणी नाही, लिहायचं तिने, गायचं तिने, इंटरनेटवर चढवायचंही तिनेच.

तर भाऊजी ओरडले का? नाही हो! ओरडले असते तर बरं झालं असतं, मला कुंपणापाशी ऐकू तरी आलं असतं. बोलणंच बंद केलं. बाप-लेक एकमेकांशी दीपाच्या मार्फत बोलणार. समोरासमोर जेवायला बसलेले, आणि हे म्हणणार, "दीपा, तिला विचार आमटी हवी का." ती म्हणणार, "आई, टेल हिम आय हॅव इनफ." मध्ये दीपा, हातात पळी घेऊन, कुठे बघावं तिला कळेना.

आणि आता ही पोरगी शनिवारी निघायची होती. नॅशव्हिलला, कायमची. कंट्री गाणारे सगळे तिकडेच जातात म्हणे. जायच्या आधी तिने हे गाणं काढलं. मला फळीतून म्हणाली, "काकू, हे साँग बाबांचं आहे. आय जस्ट वाँट हिम टू हिअर इट बिफोर आय गो. दॅट्स ऑल." एवढंच हो मागणं पोरीचं! आणि भाऊजी? दीपाने विचारलं की म्हणायचे, ऐकतो सवडीने, आणि उठून बाहेर गवत कापायला. अहो, गवत तरी किती कापायचं? अंगणाला टक्कल पडलं.

मला चैन पडेना. पोळी लाटताना तेच, भाजी चिरताना तेच. शनिवार आला की ही जाणार, आणि त्या माणसाने ऐकलेलं नसणार! शेवटी दुपारी मी ते गाणं उघडलं. गॅसवर आमटी, एका हातात फोन. आता माझं शिक्षण मॅट्रिक, पण सीरियल बघून बघून इंग्रजी कळतं मला. गाण्यात काय, तर पोर्चवर बाबांची खुर्ची आहे, खुर्ची रिकामी आहे. खिळ्याला त्यांची टोपी आहे. कप तसाच ठेवलाय, कॉफी गार झालीय... आणि ते फिडल असं काही रडलं, असं काही रडलं की माझे डोळे वाहायला लागले, आणि तेवढ्यात फोडणी करपली! मी फोन उलटा टाकला, चमचा घेऊन धावले. राहिलेलं गाणं राहिलंच.

मग आमटी निस्तरल्यावर गाण्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं. हो, ते मात्र मी सगळं वाचलं, लोकांचं लिहिलेलं मला वाचल्याशिवाय राहवत नाही. तर ओक्लाहोमाचा कोणी ट्रकवाला लिहितो, मी गाडी बाजूला घेतली, चाकं तपासली आणि म्हाताऱ्याला फोन केला. मोंटानाची एक बाई लिहिते, माझ्या वडिलांचंही नेहमी बत्तीसच असायचं. एक जण म्हणतो, चाकाला हात लावताना आता मला रडू येतं. मी म्हटलं, काय ही माणसं! पोरगी रिकाम्या खुर्चीबद्दल गातेय आणि हे टायरबद्दल काय बोलतायत? मला वाटलं, टायरवाल्यांची जाहिरात असेल.

पण मला युक्ती सुचली. भाऊजींना घरच्यांचं ऐकू येत नसलं तरी चारचौघांचं ऐकू येतं. मंडळाच्या लोकांनी वाहवा केली तर झक मारत ऐकतील. म्हणून मी ते ग्रुपवर टाकायचं ठरवलं. पण गाण्यावर चित्र कसलं, तर नुसती खुर्ची! खुर्ची बघून कोण उघडणार हो? म्हणून मी सोबत भाऊजींचा फोटो लावला. आता माझ्याकडे त्यांचा एकच चांगला फोटो, साठीशांतीचा. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हा एवढा हार, आणि चेहरा... भाऊजी फोटोत हसत नाहीत. खाली लिहिलं, 'आपल्या मोरेश्वरभाऊजींसाठी लेकीचं गाणं. ऐकताना डोळे भरून येतात.' आणि दोन हात जोडले. विनंती म्हणून जोडले हो! ऐका म्हणून!

फोन चार्जिंगला लावला आणि आमच्या ह्यांच्याबरोबर भाजी आणायला गेले. परत येऊन बघते तर मेसेजचा पाऊस. मी ह्यांना म्हटलं, बघा, पोरीचं नशीब उघडलं! उघडते तर पहिलाच मेसेज आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा, प्रल्हादरावांचा. भावपूर्ण श्रद्धांजली.

त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली. एकाने लिहिलं, परवाच दुकानात भेटले होते, विश्वास बसत नाही. एकाने लिहिलं, असा माणूस आणि असे पूल पुन्हा होणे नाही. अहो, जिवंतपणी ह्या माणसाला मंडळात कोणी उपम्याची दुसरी बशी विचारली नव्हती! आणि गाण्याबद्दल? एक अक्षर नाही. गाणं ऐकलं कोणी?

मी घाईघाईने लिहिलं, भाऊजी ठीक आहेत, आत्ता अंगणात गवत कापतायत. तर लगेच एक बाई लिहितात, 'खरं आहे रत्नाताई, मलाही असंच वाटतं. ते आपल्यातच आहेत.'

आता काय करणार, सांगा!

तोवर डबे यायला लागले. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात, तेवढी आठवण मात्र आमच्या लोकांनी सातासमुद्रापलीकडे जपलीय. फळीतून बघते तर आमच्या मंडळातली रुचा, पांढरा कुडता घालून, डोळे लाल करून, हातात डबा. बेल वाजवली. दार कोणी उघडलं? भाऊजींनी! हाफ चड्डी, बनियन, अंगाला गवत चिकटलेलं. बिचारीने दार उघडल्या उघडल्या मान खाली घालून म्हटलं, "काकूंना म्हणावं, दोन घास खाऊन घ्या," आणि मग वर बघितलं. मला वाटलं, आता हिच्यासाठी डबा न्यावा लागतोय. पण मुलगी हुशार. म्हणे, "पिठलं जरा जास्त झालं होतं काका." भाऊजी म्हणाले, बरं, आणि डबा घेतला. पाचव्या डब्याला मात्र त्यांनी दीपाला विचारलं, आज गावात सगळ्यांचंच पिठलं जास्त कसं झालं?

तेवढ्यात इचलकरंजीहून त्यांच्या चुलतभावाचा फोन. तिकडेही ती बातमी पोचली होती ना! आता हे मी ऐकलं नाही, दीपाने सांगितलं... बरं, ऐकलं, खिडकी उघडी होती. भाऊजी म्हणाले, हॅलो, मोरेश्वर बोलतोय. पलीकडून चुलतभाऊ दबकत म्हणतो, "तू बोलतोयस? मग गेलं कोण?"

मग बसले भाऊजी, चष्मा लावला आणि ग्रुप उघडला. सगळं वाचलं. स्वतःच्या श्रद्धांजल्या, एकेक करून, वरपासून खालपर्यंत. पूल वाचले. आपण किती साधे होतो ते वाचलं. मी तिथेच होते, आलेले डबे कोणाचे कोणते ते लावायला गेले होते, कोणीतरी लावायला नकोत का? दीपाच्या डोळ्यांत पाणी, ते हसण्याचं की रडण्याचं तिलाही माहीत नाही. आणि दारातून सिया आत आली, बूट खाडखाड वाजवत, हातात फोन, आणि थेट माझ्याकडेच. "काकू! बाबा हार घालून माझ्या गाण्यावर काय करतायत?" मी म्हटलं, अगं, खुर्ची बघून कोणी उघडलं नसतं...

तर भाऊजी बोलले. दीपाला नाही. थेट तिला. वर्षभराने.

"एवढी माणसं मी गेलो म्हणून रडतायत. निदान तू मला कसं मारलंस ते तरी ऐकू दे."

ती म्हणाली, "आय डिडन्ट किल यू, बाबा. शेवटपर्यंत ऐका."

लावलं गाणं. टेबलावर फोन, भोवती आम्ही, मध्ये पिठल्याचे डबे. आली खुर्ची. आली टोपी. आली गार कॉफी. भाऊजींचा चेहरा तोच, साठीशांतीचा. मी मनात म्हटलं, आता कॅन्सर येईल, नाहीतर हार्ट. आणि तुम्हाला सांगते, काही आलं नाही! फोडणीच्या पुढचं गाणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. खुर्ची रिकामी का? तर मुलगी निघालीय घर सोडून, आणि बाप खुर्चीवरून उठून खाली तिच्या गाडीपाशी जाऊन बसलाय, उकिडवा, हातात ते हवा मोजायचं. एकेक चाक बघतो आणि म्हणतो, थर्टी टू, म्हणजे हवा बत्तीस. जाऊ नको म्हणत नाही, जा म्हणत नाही. थर्टी टू म्हणतो. आणि मुलगी आरशात बघत निघून जाते, तिला कळतं की तो आकडा नव्हता सांगत.

हे तर भाऊजींचंच हो! ती कॉलेजला जायची तेव्हापासून बघतेय मी फळीतून, ती निघाली की हे चाकापाशी. म्हणून ते ट्रकवाले टायर टायर करत होते! त्या परक्या माणसांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. आणि आमची आपली माणसं? जाऊ द्या.

गाणं संपलं. सिया त्यांच्याकडे बघतेय, नख खातेय. मला राहवेना, मी काही म्हणणार तेवढ्यात दीपाने माझा पाय दाबला. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

म्हणाले, "पस्तीस."

"व्हॉट?"

"तुझ्या गाडीला पस्तीस लागते. बत्तीस कोणी सांगितली?"

ती म्हणाली, "बाबा, इट रायम्स विथ यू." तिथे यू येतो पुढे, त्याला जुळायला टू हवा, म्हणून. भाऊजींनी त्यावर विचार केला. इंजिनियर ना! मग म्हणाले, गाण्यात बत्तीस राहू दे, पण रस्त्याला पस्तीस ठेव. आणि उठून गेले बाहेर. खुर्ची रिकामी. दीपा त्या खुर्चीकडे बघून इतकी हसली, इतकी रडली, की मी तिला पाणी दिलं आणि अर्धं मीच प्यायले.

शनिवारी सिया निघाली. चाकं बघून झाली, काच पुसून झाली, मग भाऊजी खिडकीपाशी वाकले आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आईला नको. मला कर." फळीतून नीट दिसलं नाही मला, डोळ्यांना काहीतरी झालं होतं.

ती वळणावरून दिसेनाशी झाली, आणि भाऊजींनी तिथेच उभ्या उभ्या फोन काढून ग्रुपवर लिहिलं. आयुष्यात पहिला मेसेज. 'माझ्या मुलीने माझ्यावर गाणं केलं आहे. मी ऐकलं. सर्वांनी शेवटपर्यंत ऐकावे. – मोरेश्वर.'

गाणं आहे चांगलं चार मिनिटांचं. अर्ध्या मिनिटात प्रल्हादरावांचं उत्तर. भावपूर्ण श्रद्धांजली.

मी तावातावाने फळीतून डोकं घालून म्हटलं, भाऊजी, थांबा, मी आत्ता फोन करून त्यांना चांगलं सुनावते! तर बघते काय, भाऊजींनी त्या मेसेजला अंगठा दिलेला. आता ज्याची श्रद्धांजली त्यालाच पोचली म्हटल्यावर मी कोण बोलणार?