सुंदरीची करवंटी

हॅलो? … हॅलो, कोण? … अनू! अगं बोल ना. थांब हां, विहिरीकडे येते. घरात रेंजची एकच काडी असते, तीही कधी असते, कधी नाही…

… हां. आता बोल.

कुठला मेसेज? … अच्छा, मांजराचा. अगं आठ दिवस झाले त्याला. आज वाचलास?

… परीक्षा होत्या. बरं बाई, परीक्षा होत्या. मास्तरणीला कोण काय बोलणार!

नाही, हसत नाहीये. आवाजच असा झालाय माझा. रडून रडून.

काय सांगू अनू… हौसाबाईनं सांगितलं होतं गं मला. कधीचंच सांगितलं होतं. मासे घेऊन यायची, पाटी खाली ठेवायची आणि माझ्या त्या पंगतीकडे बघत उभी राहायची. एकदा म्हणाली, "रसिका गो, एका ताटात सगळ्यांका घालू नको. ह्या बोक्याच्या तोंडातसून लाळ गळता. येगळा वाढ तेका." आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "मावशी, मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलंय. मांजरांना कसली आलीय शिवाशिव!"

… हो, अस्संच म्हणाले. तिनं पाटी उचलली आणि गेली.

कुठली पंगत म्हणजे? … अगं, तू बघितलीयस. मागच्या दारी मी आडाळो घेऊन मासे कापायला बसले की वाडीतली सगळी मांजरं जमायची. जर्मनची जुनी परात होती, त्यात बांगड्यांची डोकी, सुंगटांची सालं, थोडा भात… सात-सात, आठ-आठ तोंडं एका परातीत. व्हिडिओ ठेवला होता ना स्टेटसला? तूच तर हृदय पाठवलं होतंस.

… हो, तीच परात.

सलोनी! ए सलोनी, ते खाली ठेव! तोंडात नाही घालायचं… अगं, चिकूचं बी. … काही नाही, बोल तू.

… नाही गं, पेढोला, आमच्या त्या बोक्याला, नक्की काय झालंय ते मेसेजमध्ये कसं लिहिणार? "घर पाहिजे, घरात दुसरं मांजर नको" एवढंच लिहिलं. आजाराचं नाव टाकलं असतं तर लोकांनी फोनसुद्धा घेतला नसता.

सांगते. दिवाळीनंतर तो खायचाच बंद झाला. अंग तापलेलं, हिरड्या एकदम पांढऱ्या. मी टोपलीत घातला आणि एस.टी.नं कणकवलीला नेला. एस.टी.त तो ओरडतोय, सलोनी ओरडतेय, कंडक्टर विचारतोय, "दोघांपैकी हाफ कोणाची काढू?"

… हस, हस. मीही हसले होते तेव्हा.

डॉक्टरांनी थेंबभर रक्त घेतलं. ती पट्टी असते बघ, करोनात नाकात काडी घालून झाल्यावर असायची, तसलीच. दोन रेघा आल्या. म्हणाले, मांजरांचा ल्युकेमिया. विषाणू आहे. लाळेतून जातो. एकमेकांना चाटतात त्यातून, चावण्यातून. आणि म्हणाले, "एका भांड्यात खातात का?"

… नाही, माणसाला होत नाही. अनू, मी चार वेळा विचारलं. सलोनी त्याचा मुका घेते, सलोनीनं त्याच्या ताटलीतला भात एकदा खाल्लाय, सगळं सांगितलं. चौथ्या वेळेला ते म्हणाले, "बाई, तुमची मुलगी मांजर आहे का? नाही ना? मग झोपा निवांत." घरी येऊन मी तरी तिची नखं कापली, सगळ्या चादरी उकळून काढल्या.

… जगेल ना. महिने म्हणाले, कदाचित दोन वर्षंसुद्धा. पण घरातच ठेवायचं, बाहेर सोडायचं नाही. आणि दुसरं मांजर नको. आता आमचं घर तुला माहीत आहे. वर कौलं, खाली दोन हातांची फट, मांजराला यायला-जायला सतरा वाटा. त्यात सासूबाईंच्या दोघी मांजरी. … हो, त्या दोघींचीही पट्टी केली. सध्या सुटल्यात. दीड महिन्यानं पुन्हा बघायचं म्हणाले डॉक्टर.

पेढोला मग न्हाणीघरात ठेवला. चार दिवस. दाराला आतून नखं मारायचा आणि सलोनी बाहेर बसून त्याला दाराच्या फटीतून गाणी म्हणून दाखवायची. नवरा माझा, सिद्धेश, म्हणाला, "पोत्यात घालतो आणि बंदरावर सोडून येतो, तिथे मासे खाईल नि मजेत राहील." मी म्हटलं, तिथल्या चाळीस मांजरांना देऊन ये काय तो आजार?

… नाही, तो तसा वाईट नाही गं. इथे सगळे असंच करतात. त्यालाही दुसरं सुचलं नाही.

कोण? तुझ्या जावेचा भाऊ, आंबोलीचा? … अगं, त्याच्या टपरीवर तीन मांजरं असतात! मी स्वतः भजी खाल्लीयत तिथे, एक तर माझ्या मांडीवर येऊन बसलं होतं. … नको, नको. … तळेऱ्याची कोण? … कुत्रा आहे? कुत्र्याला होत नाही, पण तो कुत्रा पेढोला ठेवेल का!

… मी शोधलं नाही असं वाटतं तुला? दारोदार हिंडले. किनाऱ्याला बिनमांजराचं घर नसतं, अनू. जिथे मासे तिथे मांजर. एक घर मिळालं, देवळाकडचं. त्यांच्याकडे मांजर नाही, कारण ते मासे खात नाहीत. आता पेढो त्यांच्याकडे काय दोडक्याची भाजी खाणार? … हो, विचारलं तरी. त्या म्हणाल्या, दूध-भात देऊ. दूध-भात! मीच म्हटलं, राहू दे.

नाही… ऐक ना. अगं, ऐक ना माझं. घर मिळालंय.

हो. मिळालंय. तीन दिवस झाले.

… थांब. आनंदी नको होऊस. आधी ऐकून घे. कुठे ते सांगते. आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगवणार नाही.

वाडीतली सगळी घरं मी बोटांवर मोजली. आमच्याकडे दोन, शेजारी तीन, पलीकडे मांजरी नि तिची पिल्लं… मोजत मोजत तुझ्या आत्याच्या, आमच्या जानकीकाकीच्या घरापाशी आले. म्हटलं, काकीकडे आता एकही मांजर नाही. तिची सुंदरी गेली श्रावणात. एकटी बाई, दार लावून घेणारी, मांजराची हौस असलेली. एवढी आनंदले गं मी! पायात चप्पल घातली निघायला. आणि उंबऱ्यातच उभी राहिले.

म्हटलं, सुंदरी गेली कशानं?

… म्हातारी नव्हती, अनू. तुम्ही सगळे म्हणालात म्हातारी झाली होती. सहा वर्षांची होती ती. सहा वर्षांचं मांजर म्हातारं नसतं. तिच्याही हिरड्या पांढऱ्या होत्या. मी तोंड उघडून बघितलं होतं तिचं. म्हटलं होतं, अशक्तपणा असेल. झूलॉजी!

… गेल्या वर्षी मे महिन्यात तुझ्या भावाच्या लग्नाला आत्या मुंबईला आली, आठवतं? महिनाभर राहिली. सुंदरीला कोणाकडे ठेवलं होतं?

हो. माझ्याकडे.

जाताना काकी येऊन बसली माझ्या पडवीत. सुंदरी काखेत आणि हातात एक करवंटी. घासून घासून काळी कुळकुळीत केलेली. म्हणाली, "हिका हेच्यातच घाल हां. दुसऱ्याच्या भांड्याक ती तोंड लावणा नाय." मी म्हटलं, हो काकी, हो काकी. पहिले दोन दिवस घातलं करवंटीत. मग सलोनीला ताप आला, रात्रीची झोप नाही, सकाळी मासे कापायचे… मी करवंटी खुंटीला अडकवली. सुंदरीला मीच उचलली आणि परातीपाशी बसवली. ती मागे सरायची, मी पुढे ढकलायची. सुंगटाचं डोकं तिच्या नाकाला लावायची. म्हणायची, "खा गो, एकलकोंडी मेली, चार लोकांत बस जरा!"

… पेढोच्या शेजारी. हो.

नंतर तर तिला चटकच लागली. काकी परत आली तरी सुंदरी रोज अकराला आमच्या मागच्या दारी. पेढो तिचे कान चाटायचा. काकी कुंपणापलीकडून म्हणायची, "रसिका, माझ्या पोरीक बिघडवलंस गो!" आणि हसायची.

… अनू?

अनू, आहेस ना?

… हो, डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तपासणी न होता मेलेल्या मांजराचं आता कोण सांगणार? त्यांनी मला सोडून दिलं असं समज. मी नाही सोडलं.

… श्रावणात का नाही बोलले? श्रावणात मला कुठे माहीत होतं? … नाही, ते खरंय. हौसाबाईचं माहीत होतं. तिनं सांगितलेली बोक्याची ती लाळ आठवली होती मला, सुंदरीला पुरताना. अबोलीच्या ताटव्यात पुरली बघ काकीनं, मीच खड्डा खणला. तेव्हा एक क्षण मनात आलं होतं. मी ते आत ढकललं, सुंदरीला परातीकडे ढकलायची तसंच.

रागव तू. रागव. तुझी आत्या आहे ती.

… हो, सांगितलं तिला. शनिवारी संध्याकाळी गेले. ती पडवीत बसून माडाच्या चुडतांचे हीर काढत होती, झाडू बांधायला. मी सगळं सांगितलं. पट्टी, परात, करवंटी खुंटीला अडकवली तेही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. सुरी चालूच. पात संपली, हीर साफ झाला, तरी ती त्याच हिरावरून सुरी फिरवत राहिली. मी म्हटलं, "काकी, काय तरी बोल." तर उठली. आत गेली. दार लावलं.

… नाही. एक शब्दसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला आले, तर ती इथेच उभी, विहिरीपाशी. हातात सुंदरीची टोपली. म्हणाली, "तो खंय आसा?" मी म्हटलं, "कोण?" "बोको." मी न्हाणीघराचं दार उघडलं. पेढो बाहेर आला आणि सरळ तिच्या पायांना घासला. जनावराला काय कळतंय… तिनं उचलला. टोपलीत घातला. मी औषधं दिली, कागदावर लिहून दिलं सकाळ-संध्याकाळ. तिनं कागद कमरेला खोचला. आणि निघताना वळली.

म्हणाली, "ती करवंटी दी."

…

दिली. खुंटीवरून काढून दिली. कोळ्याची जाळी लागली होती तिला. ती माझ्यासमोर पदरानं पुसली तिनं.

… थांब, नाक पुसते. … सलोनी, काही नाही झालं आईला. जा, आजीकडे जा.

तेव्हापासून, अनू, तिनं दार लावून घेतलंय. खिडक्यांना तुझ्या आतोबांचं जुनं जाळं ठोकलंय, खिळे मारून, मांजर बाहेर पडू नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. आता त्या घरातून उंदीर बाहेर पडायचा नाही. पण तीही पडत नाही गं.

… हो, आवाज दिला. कालही दिला. आतून म्हणाली, "मी बरी आसय. तू जा." बस. हौसाबाईकडून चार पेडवे घेते, खिडकीच्या जाळ्यातून पैसे देते. चारच. हौसाबाई म्हणाली, "चार पेडवे बोक्याक पुरतत. तिका काय?"

… भाताचं काय माहीत? धूर दिसत नाही. गॅस असेल, असेलही. मी इथे विहिरीवर येते ना, दिवसातून दहा वेळा येते, कळशी भरलेली असली तरी येते. सकाळी तिच्या मोरीत करवंटी घासल्याचा आवाज येतो. काथ्यानं खरखर, मग पाणी. म्हणजे पेढो जेवतो. ते मला कळतं. तिच्या ताटाचा आवाज मात्र येत नाही. तीन दिवसांत एकदाही नाही.

… बी.पी.च्या गोळ्या? मला काय ठाऊक, आहेत की संपल्या? पूर्वी मीच आणून द्यायची. आता माझ्या हातचं घेईल का?

… तू सासरच्यांना काय सांगशील ते मला माहीत नाही. आजच ये. मसुऱ्याहून असं काय लांब आहे? दुपारची एस.टी. आहे. तुझ्यासाठी ती दार उघडेल. "आमची अनू" म्हणते तुला.

… ये आणि हवं ते बोल मला. विहिरीवर उभं करून बोल. मी ऐकते.

फक्त आधी माझ्याकडे येऊ नकोस. सरळ तिकडे जा. पेढोचं विचारू नकोस तिला, तो बरा आहे. परातीचं, करवंटीचं काही काढू नकोस. मी सांगितलं म्हणून आलीस असंही म्हणू नकोस… हॅलो? … ऐकू येतंय? … हां. स्वयंपाकघरात जा, पाणी पिते म्हणून. तिचं ताट कुठे आहे बघ. ओलं आहे की कोरडं, एवढंच बघ. कोरडं असलं तर तिथेच बस, भात लाव, आणि ती जेवेपर्यंत उठू नकोस. अनू, जाशील ना?

… हॅलो?

अनू?