साडेतीन मिनिटं

मिरजेच्या दवाखान्यात, किरणोपचाराच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारी कवठे महांकाळच्या राहीबाई पिशवी आवळून बसल्या होत्या. सोबत त्यांची भाची क्रांती.

“मी न्हाई आत जायाची. चल, एसटी गाठू.”

“का गं मावशी?”

“जाऊबाईला चार वर्षांमागं ह्याच मशिनीखाली दोन मिनिटं ठेवायचे. मला साडेतीन. म्हंजी माझं दुखणं लय वाढलंय, अन तुमी लपवताय.”

“दुखणं नाही वाढलं. मशीनमधला कोबाल्ट थकलाय. पाच वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो. मग तेवढेच किरण द्यायला वेळ जास्त लागतो.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कॉलेजात तेच शिकते की. मोठा तारा फुटला की पुढं कित्येक महिने त्याला कोबाल्टच उजेड पुरवतो. तो कोबाल्ट दुसऱ्या जातीचा, अडीच महिन्यांत निम्मा होणारा. तसतसा तारा मंद होत जातो.”

“आमच्या आबाबुवांगत. तरणे होते तवा तासात कीर्तन व्हायचं. आता दोन तास लागत्यात. अभंग तेवढाच.”

“मग मधनं उठून जातेस का?”

“अगं, बुवांच्या म्होरनं कोण उठंल?”

आतून राहीबाईंचं नाव पुकारलं.

“धर ही पिशवी. चारची एसटी हाय न्हवं, तिनं जाऊ.”