मे महिन्यात नागपूरला हवा खायला

...आणि वर मलाच म्हणतात, ‘भाऊ, तुमचं बरं आहे, तुम्ही तर वर्षभर सुटीच्याच जागी राहता!’ ऐका! तुम्हाला सांगतो, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ घर असणं ही काय मजा आहे, ते एकदा मे महिन्यात आमच्याकडे येऊन पाहा... नको, येऊ नका, आधीच खाटा कमी पडून राहिल्या. अहो, तलावावरून वारा येतो, आंगणात आंबा आहे, मासळी ताजी मिळते, म्हणजे साऱ्या गणगोताला खिशाला परवडणारी थंड हवेची जागा कोणती? आमचं घर! यावं की, माणसानं माणसाकडे यावं, माझी ना नाही. पण मग आम्ही? आम्ही जायचं तरी कुठं?

माझी धाकटी बहीण दामिनी नागपूरला असते. मे लागला की ती, तिचा नवरा चंद्रकुमार आणि पोरगी प्राची, तिघं हजर. बहीण माहेरी आली की मला घर कसं भरल्यासारखं वाटतं, ते मी बोलून दाखवत नाही, पण वाटतं. चंद्रकुमार खाटेवर आडवा होतो आणि म्हणतो, ‘भाऊ, हवा म्हणजे हवा आहे हो इथं!’ जशी काही मीच ती पंपानं भरून ठेवली! आणि त्या हवेत दिवसभर काय ऐकू येतं माहीत आहे? ‘वहिनी, चाळणी कुठं आहे?’ ‘मामी, माझा टॉवेल?’ ‘वहिनी, कैरीचं लोणचं कोणत्या बरणीत?’ आणि आमची मंदा, म्हणजे माझी बायको हो, चुलीकडून मान न वळवता सांगते, ‘खालच्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या मांगं.’ टीव्हीवरच्या बातम्या चुकतील, ही चुकायची नाही! लग्न होऊन आली तेव्हापासून प्रत्येक मे तिनं असाच काढला. सकाळी शेवया, दुपारी आमरस, संध्याकाळी मासळी, आणि मधे मधे चहा, चहा, चहा...

तर या वर्षी माझ्या मनात आलं, हिलाही कुठं तरी न्यावं. पण न्यायचं तरी कुठं? सिमला म्हटलं तर भाड्यातच अर्धं धान जातं. पचमढी म्हटलं तर मंदा म्हणते, ‘डोंगर चढाले कायले जाऊ? घरी माळ्यावर चढतोच ना!’ मग प्राचीनं मोबाइल काढला. ‘मामा, इथं यादी आहे, कमी खर्चात उन्हाळी सहल.’ आणि लागली वाचायला, असा नाकातून आवाज काढून, ‘शांत तलाव... दाट झाडी... गर्दीपासून दूर... घरगुती जेवण... यजमानांचा प्रेमळ पाहुणचार...’ मी म्हटलं, ‘थांब पोरी! हे तर आपलंच घर!’ सारे हसले. मंदा हसली नाही. ती कैऱ्या कापत होती, तशीच कापत राहिली.

रात्री पाहुणे जेवून आंगणात पडले, तेव्हा ती हळूच मला म्हणते, ‘अवो, हे सारे इथं आले म्हंजे त्यायचं घर खालीच असते ना जी?’

तुम्हाला सांगतो, आधी मला समजलंच नाही. म्हटलं, ‘रिकामंच असेल, मग?’ तर म्हणते, ‘मंग तिथंच जाऊ ना. कोनी नसन तिथं.’

म्हणजे पाहा! भर मे महिना, नवतपा, म्हणजे वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, तोंडावर, लोक नागपुरातून जीव घेऊन पळून राहिले, आणि ही म्हणते नागपूरला हवा खायला! पण एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं काय, तर कोणी नसलेलं घर. मी नाही कसं म्हणू? आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर दुसरीकडे न्यायचं तरी कुठं?

सकाळी दामिनीला सांगितलं. तिचा चेहरा असा उतरला! ‘दादा, मी माहेरी आली, आन् माहेरच उठून कुठं चाललं?’ चंद्रकुमार खाटेवर उठून बसला, ‘वहिनी जाणार? म्हणजे... जेवण?’ मी म्हटलं, ‘जावई, हवा आहे ना!’ दामिनी घटकाभर फुगून बसली. मग आपल्या वहिनीच्या हाताकडे पाहिलं, कैऱ्यांचा चीक लागून बोटं फाटली होती तिची... आणि उठली, पर्समधून किल्ली काढली, मंदाच्या मुठीत दाबली आणि म्हणाली, ‘जा वहिनी. कूलरमधे पानी भरजा मात्र.’

तिरोड्याहून गाडी धरली. डबा तापून तवा झालेला, खिडकीतून वारा असा येतो जसा कोणी भट्टीचं दार उघडून बसलाय. मी घामानं न्हालो, आणि मंदा? खिडकीशी बसून लग्नातल्या नवरीसारखी बाहेर पाहून राहिली! दामिनीच्या इमारतीचा चौकीदार आमच्या पिशव्या पाहून उभाच राहिला. ‘किसके यहाँ?’ म्हटलं, चंद्रकुमारजींकडे. ‘वो तो गाँव गए हैं.’ म्हटलं, ते गाव आमचंच. ‘तो आप?’ म्हटलं, छुट्टी मनाने आए हैं. त्यानं एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘मई में? नागपूर?... पानी पिओगे, काका?’

घरात गेलो, कूलर लावला. मंदा पिशवी ठेवते न ठेवते तोच फोन! दामिनी. ‘वहिनी, साबुदाना कुठं आहे?’ हिनं सांगितलं. पुन्हा फोन, ‘वहिनी, हे तिखट हाय का हळद? अंधार हाय इथं.’ हिनं सांगितलं. आता चंद्रकुमार स्वतः, ‘वहिनी, ते मांजर आत आलं, त्याचं काय करायचं असते?’ हिनं तेही सांगितलं! मी मनात म्हटलं, हिला घेऊन जायचं तरी कुठं? चंद्रावर नेलं तरी रेंज येईल! शेवटी मी तिच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि उशीखाली सारला. ती दचकली. म्हणाली, ‘आन् त्यायले काही सापडलं नाही तं?’ मी म्हटलं, ‘शोधतील.’

मग ती झोपली. हॉलच्या मधोमध, गार फरशीवर, पदर अंगावर घेऊन, भर दुपारी. मी तिला दुपारी झोपलेली कधी पाहिलीच नव्हती हो! तोंड थोडं उघडं, कपाळावरची आठी गेलेली, केस कूलरच्या वाऱ्यानं उडून राहिलेले... मी पेपरचं पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून. पण चार वाजले आणि माझा घसा मला चहाचं विचारायला लागला. म्हटलं, बाबा, आज आपण करू. स्वयंपाकघरात गेलो, दूध येताना आणलंच होतं, पत्ती सापडली, पण साखर? हा डबा उघड, मीठ. तो डबा उघड, रवा. आणि तुम्हाला सांगतो, तोंडातून निघून गेलं हो, ‘मंदा, साखर कुठं आहे?’

डोळे न उघडता ती म्हणाली, ‘मले काय माहीत?’

आणि मग डोळे उघडले. उठून बसली. ‘मले काय माहीत!’ पुन्हा म्हणाली, आणि अशी हसली, अशी हसली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर! ‘अवो, मले नाही माहीत जी! माझं घर हाय काय हे?’ मी दारात चमचा घेऊन उभा. बिनसाखरेचा चहा प्यायलो दोघं. तिनं बशीत ओतून, फुंकून फुंकून, सावकाश प्यायला. म्हणाली, ‘बेस झाला.’

चार दिवस राहिलो, बाहेर पाऊल टाकलं नाही. परतलो तर घर जागेवर होतं, दामिनी चुलीशी होती, चंद्रकुमार लसूण सोलत होता, जिवंत होते सारे. मी मंदाला म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. ती म्हणाली, ‘मी जाईन जी. तुमी कायले येता? तिथंबी चहा मांगता.’

मला वाटलं थट्टा. पण परवा रायपूरहून थोरल्या बहिणीच्या मुलीचा फोन आला, मामी, पुढच्या मे महिन्यात पोरांना घेऊन येऊ का? आणि आमची मंदा काय म्हणाली? ‘ये ना बाई, खुशाल ये. मामा हायेत घरी.’