निळ्या झडपांचं घर

लिऑनहून फिरायला निघालेली सोलांज त्या निळ्या झडपांच्या, तीनशे वर्षं जुन्या घरापुढे रांगेत उभी होती. घर आजपासून पाहायला खुलं होणार होतं. तिच्या पुढे, रांगेत सर्वांत आधी, गावातले दोन म्हातारे शेजारी होते, ओर्तांस आणि गास्तों.

"आत काय बघणार आहेस गं, ओर्तांस?"

"सगळं. तो गोल जिना तर आधी. अकरा वर्षं भांडले या घरासाठी, पण उंबरठ्याच्या आत पाऊल नाही पडलं."

"बुलडोझरपुढे खुर्ची टाकून बसलीस, ती इथेच ना?"

"इथेच. चार दिवस. आणि चारही दिवस तुझं सूप खारट."

"फुकट प्यायलीस आणि वर नावं ठेवतेस! तू बसली नसतीस, तर आज इथे गाड्या उभ्या असत्या."

"गाड्यांना नदीकाठ आहे की. असं घर पाडून पुन्हा कुठून आणायचं? कोर्टानं सांगितलं, तेव्हा कुठे नगराध्यक्षांना पटलं."

"ते बघ, आलेच. सरळ दाराकडे निघालेत."

"अहो नगराध्यक्षसाहेब, रांग मागे आहे!"

"मादाम, फीत मी कापायची असते."

"एरवी असेल. आज घर-बचाव समितीनं मला सांगितलंय. ही बघा कात्री."

"या ना," सोलांज म्हणाली, "माझ्या मागे जागा आहे."

नगराध्यक्ष निमूट तिच्या मागे येऊन उभे राहिले. फीत कापली गेली, दार उघडलं आणि अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"रडतेस काय, ओर्तांस?"

"रडायला वेळ कुठाय? हात दे. जिना चढायचाय."