वरच्या चौकटीत पाहा

बाबा: ...म्हणून म्हटलं, नेट मंद असेल. हे बघ, माझ्या ब्लॉगवर रफूच्या पहिल्या धड्यापासून सगळीकडे हाच करडा चौकोन. तुझी आई कुठेच दिसत नाही.

लेक: कधीपासून?

बाबा: झाला महिना, सव्वा महिना.

लेक: आणि मला आज सांगताय?

बाबा: तुझ्यामागे आधीच हजार कामं. म्हटलं, येईल सावकाश. आधीही कधी कधी उशिरा यायची की.

लेक: व्हिडिओ कसे टाकलेत तुम्ही इथे?

बाबा: तूच शिकवलंस तसे. आईच्या खात्यावर जायचं, व्हिडिओचा कोड उचलायचा, इथे आणून चिकटवायचा. एकसष्ट चिकटवले. एकही चुकला नाही.

लेक: बाबा, तो कोड म्हणजे नुसता पत्ता. व्हिडिओ तिच्या खात्यातच राहायचा. इथून फक्त दिसायचा. खिडकीतून समोरचं घर दिसतं तसा.

बाबा: मग घराला काय झालं?

(लेक ब्लॉगचं पान पुन्हा उघडून बघते.)

बाबा: बोल ना गं.

लेक: खातं मी बंद केलं. रोज कुणीतरी विचारायचं, ‘ताई, पुढचा धडा कधी?’ प्रत्येकीला तेच कळवायचं, आई गेली म्हणून. नाही झेपलं मला. वाटलं, तुमच्या ब्लॉगवर सगळं आहेच. मीच शिकवलं आणि माझ्याच डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती मी.

बाबा: मला वाटलं, तिच्या खात्यावर आहेच. बरं, परत चालू कर.

लेक: तीस दिवसांच्या आत करता येतं. आज एकेचाळिसावा.

बाबा: म्हणजे दुसऱ्याच दिवशी मी तुला फोन केला असता, तर...

लेक: नका तसं बोलू.

बाबा: तिच्या फोनमध्ये असतील.

लेक: नाहीत. व्हिडिओ चढवला की लगेच पुसायची. पसारा नको म्हणून.

बाबा: हं. जन्मभराची टापटीप, नडली ती अशी.

लेक: व्हिडिओवाल्या कंपनीला लिहून बघते. पण खोटी आशा नाही लावत तुम्हाला. आणि चौकोनाखाली तुमचं लिखाण आहे ना, ते तरी शाबूत आहे. वाचा बरं.

बाबा: काय वाचू? ‘धडा सातवा. कोपरावर विरलेला स्वेटर. वरच्या चौकटीत ती दाखवते तसं करा.’ आठवा. ‘फाटलेला खिसा. वरच्या चौकटीत पाहा.’ नववा...

लेक: राहू द्या.

बाबा: ती एवढं छान सांगायची. मी वेगळं काय लिहिणार होतो?

लेक: मग आता लिहू. सुई कशी धरायची, मध्येच काय बोलायची. आठवेल तेवढं सांगा, मी टाइप करते.

बाबा: कोड चिकटवायच्या नादात मी एकही धडा शेवटपर्यंत ऐकला नाही गं. म्हटलं, बघू निवांत. इथेच तर आहे.