सुगत कुणापाशी राहतो

सरजाबाई : परत म्हण. सायबासमोर असं अडखळलीस तर बालवर्गाची बाई म्हणून घेतील व्हय तुला?

सुकेशनी : साहेब नाहीत आत्याबाई, मॅडम आहेत मुलाखतीला. आय लिव्ह इन चुडावा. आय विल कम बाय ट्रेन.

सरजाबाई : काल ‘ऑन ट्रेन’ म्हणलीस.

सुकेशनी : चुकलं होतं. पुस्तकात ‘बाय’ दिलंय.

सरजाबाई : बरं झालं. ऑन म्हंजे वर, तव्यावर भाकर, असं तूच सांगितलंस. मला वाटलं, सून टपावर बसून पूर्णेला जायली!

सुकेशनी : हसवू नका, विसरते मी. आय कॅन वर्क फ्रॉम एट टू वन. माय सन... स्टेज विथ माय मदर-इन-लॉ.

सरजाबाई : हे बघ, हेच.

सुकेशनी : काय हेच?

सरजाबाई : आठ दिस ऐकायलेय मी. बाकी समदं खणखणीत म्हणतीस. ह्या वाक्यापाशी आलीस की अडखळतीस. काय हाय त्याच्यात?

सुकेशनी : काही नाही. लेकुरवाळ्या बाईला विचारतातच, तुम्ही शाळेत आल्यावर लेकरू कुणापाशी राहील म्हणून.

सरजाबाई : मग तू काय सांगायलीस?

सुकेशनी : माझा मुलगा माझ्या सासूपाशी राहतो.

सरजाबाई : आठ दिस माझ्यादेखत म्हणायलीस. मला इचारलंस कवा?

सुकेशनी : मराठीत धीरच होईना. तुमचं रोज सकाळी खुरपायला जाणं, त्या बाया, त्यांचं हसणं-बोलणं... ते कसं सोडा म्हणू? आज निघायच्या आधी विचारणारच होते.

सरजाबाई : आन् मी न्हाई म्हणलं तर?

सुकेशनी : तर जात नाही. खोटं कसं सांगू तिथं? आणि एवढ्याशा लेकराला पेडगावला आईकडं ठेवणं मला जमायचं नाही.

सरजाबाई : कालिजात पयली आलतीस म्हणं तू. आन् घरातल्या माणसाला येवढं इचारता येईना.

सुकेशनी : चुकलंच माझं, आत्याबाई.

सरजाबाई : एकला सुटती ना शाळा?

सुकेशनी : हो. दोनपर्यंत घरी येते.

सरजाबाई : मग मी खुरपायला दोपारून जाईन. शेजारची नर्मदाबाई टोमणे मारील, सुनंनं सासूला कामाला लावलं म्हणून. मारू दे. तिची सून कुटं मास्तरीण हाय?

सुकेशनी : आत्याबाई...

सरजाबाई : डोळे पूस, गाडीची येळ व्हायली. आन् मला येक सांग. तू म्हणशील सासूपाशी. माझ्या तोंडानं कसं म्हणायचं, माझ्यापाशी हाय म्हणून?

सुकेशनी : सुगत इज विथ मी.

सरजाबाई : सुगत इज... टू मी.

सुकेशनी : टू नाही, विथ. विथ म्हणजे संगं, पाशी.

सरजाबाई : (मांडीवरच्या पोराला थोपटत) सुगत इज विथ मी.

सुकेशनी : बराबर.

सरजाबाई : जा मग. कडी हळू लाव, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.